शुक्रवारचा गीझर

आमच्या घरातला बंब मी बंद पाडला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे जे बिघडलं त्याचं खापर घरात याच एका गोष्टीवर फोडलं गेलं, आणि मला लपवाछपवी आवडत नाही.

बंब तांब्याचा होता, माझ्या कमरेएवढा उंच, मधोमध जाळ घालायचं नळकांडं आणि बाजूला पितळी तोटी. कुंभकोणममधल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत तो असायचा. आमची माणसं मराठ्यांच्या राज्याबरोबर या बाजूला आली, राज्य गेलं तरी इथेच राहिली, आणि घरात अजून जुनं मराठी बोलतात. म्हणजे बाहेर तमिळ, आणि उंबऱ्याच्या आत 'ऊन पाणी झालं काय गे?' हा प्रश्न रोज पहाटे विचारायचे अप्पा, अंथरुणातून. उत्तर द्यायची अम्मा, पडवीतून, खोकत.

ते खोकणं मला बरीच वर्षं ऐकूच आलं नाही, त्याची लाज वाटते. घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही तसं ते होतं. मग डॉक्टरीणबाईंनी अम्माची छाती तपासली आणि विचारलं, "घरात बिडी कोण ओढतं?" कुणीच ओढत नव्हतं. नारळाची सोडणं, झावळ्यांचे तुकडे, कधी ओलं लाकूड, हेच सगळं पहाटे पाचपासून अम्माच्या छातीत जात होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: धूर बंद. कमी नव्हे, बंद.

मी त्या वेळी आमच्या चार जणांच्या मंडळात पत्रकं लिहायची, अजूनही लिहिते. कालव्यातला कचरा, रेशनच्या दुकानातली मापं, शाळेतली संडासं, काहीही असो, दोन बाजू, तळाशी मागण्या, आणि उद्गारचिन्हांची कंजुषी नाही. 'धूर कोण गिळतं?' हे पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. पाणी तापतं घराचं आणि छाती जळते बाईची, हे घरच्या पुरुषांना दिसत नाही, कारण ते तेव्हा झोपलेले असतात, आणि बाईला कुणी कधी विचारतही नाही, असं त्यात होतं. आमच्या रस्त्यावर घरोघर वाटलं. दोन घरांत ते बंब पेटवायलाच वापरलं, हे मला खात्रीलायक कळलं.

आमच्या घरात मात्र क्रांती झाली. मी जेवण सोडलं, अप्पांनी बोलणं सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात पांढरा, गुळगुळीत गीझर भिंतीवर चढला. बंब गोणपाटात गुंडाळून मागच्या कोठीत गेला. अम्मा काही बोलली नाही. मी ते संमती म्हणून धरलं. आंदोलनात गप्प माणूस आपल्याच बाजूचा धरायची आमच्यात पद्धत आहे.

महिना-दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी अप्पांनी गीझरचं बटण दाबलं आणि 'टक्' असा आवाज होऊन सगळं घर बंद पडलं. पंखा, फ्रिज, अप्पांच्या टीव्हीवरच्या बातम्या, सगळं. दाराजवळच्या पेटीत एक ट्रिप स्विच आहे; कुठे वीज गळायला लागली की तो घराचा प्रवाहच तोडतो. तो पडला होता. वर केला, गीझर लावला, पुन्हा टक्.

"बंबानं कधी टीव्ही बंद केला होता काय?" अप्पांनी विचारलं.

"बंबानं अम्माचा श्वास बंद करत आणला होता."

"मी टीव्हीचं विचारलं."

अप्पा शनिवारी अंगाला तेल लावून न्हातात. इकडची रीतच आहे, बायकांनी शुक्रवारी, पुरुषांनी शनिवारी. अंगभर तिळाचं तेल थापून, पंचा लावून, गार पाण्याच्या बादलीपुढे बसलेला निवृत्त बँक अधिकारी किती कडवट बोलू शकतो ते मी सलग चार शनिवार ऐकलं. पाचव्या शनिवारी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं.

"दीपावली आली. नरकचतुर्दशीला पहाटे मला ऊन पाणी पाहिजे. त्या दिवशी तुझा हा डबा चालला नाही, तर बंब बाहेर काढायचा. मग तो पुन्हा आत जाणार नाही."

"पेटवणार कोण?"

"कोण म्हणजे? नेहमी पेटवतात ते."

नेहमी पेटवणारी बाई समोरच तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. अप्पांना बंब पेटवता येत नाही. त्यांना तो फक्त पेटलेला हवा असतो.

मी दुकानात फोन केला. 'आमचा माणूस सोमवारी येईल.' सोमवारी माणूस आला, बटण दाबलं, लाल दिवा लागला, पाणी तापलं. "चालतोय की, मॅडम." पुढच्या शनिवारी पुन्हा टक्. पुन्हा फोन, पुन्हा सोमवार, पुन्हा पाणी तापलं. "चालतोय की, मॅडम." तिसऱ्या वेळी तो हसला.

हसला! बाई तक्रार करते म्हणजे तिलाच बटण दाबता येत नसणार, असं ते हसणं होतं. मी घरात आले, खुर्चीत बसले आणि लिहिलं: 'कढत पाण्याचं आश्वासन, गार पाण्याची फसवणूक!' दुकानाच्या नावासकट. मुद्दे आठ, मागण्या पाच. बस स्टँडवर, भाजी बाजारात, कॉलेजच्या फाटकाशी, स्वतः उभी राहून वाटलं. आजवर माझ्या कुठल्याच पत्रकाला असं यश मिळालं नव्हतं. लोक थांबून वाचत होते, दुसरी प्रत मागत होते. कालव्याच्या कचऱ्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, पण गीझर घरोघर होते.

यशाचा परिणाम असा झाला की दुकानाचा माणूस यायचा बंद झाला. दुसऱ्या दुकानात गेले तर तिथल्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, गल्ल्याखालून माझंच पत्रक काढलं आणि म्हणाला, "तुम्हीच ना त्या?" तिसऱ्या ठिकाणी मेकॅनिक एकदम गावाला गेला. पुढे कळलं, तो गावातच होता. अख्ख्या कुंभकोणममध्ये आमच्या गीझरला हात लावायला कुणी तयार नव्हतं, आणि दीपावलीला दोन आठवडे उरले होते.

तेव्हा मी स्वतःच तपास हाती घेतला. त्यात काय मोठंसं? व्यवस्था तपासायची मला सवय होती. एका वहीत रकाने आखले: वार, वेळ, कुणी बटण दाबलं, काय झालं. जुन्या आठवड्यांचे वार अप्पांकडून भरून घेतले. असे वार ते विसरत नाहीत. मग दिसलं ते विलक्षण होतं. शुक्रवारी टक्. शनिवारी टक्. रविवारी कधी टक्, कधी नाही. सोमवार ते गुरुवार गीझर शहाण्यासारखा.

यंत्राला वार कळतो काय? कळत नाही. म्हणजे यामागे माणूस आहे. आमच्या मंडळातला एक जण अर्थशास्त्र शिकवतो, तो वही पाहून म्हणाला, "शुक्रवारी कोण जास्त वीज खेचतं ते शोध." आमच्या मागच्या रस्त्याला लग्नाचा हॉल आहे, मोठमोठी एसी यंत्रं लावलेला. मिळाला चोर! श्रीमंतांच्या लग्नांसाठी गरिबांच्या न्हाणीघरातला विजेचा दाब जातो! मथळासुद्धा तयार झाला. शुक्रवारी सकाळी मी पुरावा घ्यायला हॉलवर गेले. फाटकाला कुलूप. पायरीवर एक कुत्रं झोपलं होतं. घरी येऊन बटण दाबलं: टक्.

मग माझा संशय त्या ट्रिप स्विचवरच गेला. सारखा मध्ये पडणारा, सगळ्या घराला वेठीला धरणारा तोच होता ना? मोबाईलवर एका व्हिडिओत एक गृहस्थ आत्मविश्वासानं सांगत होते की हे स्विच फार नाजूक असतात, उगाच पडतात, बाजूला काढून सरळ जोडणी केली की कटकट संपते. मला पटलं. मी स्टूल घेतलं, पेटीचं झाकण उघडलं, स्विचचे दोन स्क्रू सैल केले. पुढचं काम मुख्य बटण बंद केल्याशिवाय होणार नव्हतं, आणि अप्पा क्रिकेट पाहत होते.

"शेवटच्या सहा ओव्हर आहेत. बटणाला हात लावशील तर बघ."

सहा ओव्हर संपेपर्यंत मला तिरुविडैमरुदूरची बस गाठायची होती, तिकडच्या बाजारात कालव्याची पत्रकं वाटायला. म्हटलं, आल्यावर करू. तसंच झाकण लावून निघाले.

तिरुविडैमरुदूरला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका टपरीएवढ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ मिक्सर उघडून बसले होते. त्यांनी पत्रक घेतलं आणि चक्क वाचलं, पुढची बाजू, मागची बाजू, छापखान्याच्या ओळीपर्यंत. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "पाप्पा, कालवा तुझ्या पत्रकात उलटा वाहतोय. पाणी त्या बाजूनं येतं."

पाप्पा म्हणजे बाळ. मी सव्वीस वर्षांची आहे. पण कालवा खरंच उलटा वाहत होता, तेव्हा ऐकून घेतलं. आणि का कोण जाणे, गीझरची सगळी कहाणी त्यांना सांगितली. दुकानदार, हसणं, हॉल, कुत्रं. त्यांनी मिक्सरच्या भांड्यातून मान वर न करता एकच विचारलं.

"कोणत्या दिवशी बिघडतो?"

"शुक्रवारी."

"आणि ते बघायला आले कधी?"

"सोमवारी."

"मग मी शुक्रवारी येतो."

एवढं साधं! माझ्या आठ मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता. ट्रिप स्विच मी शुक्रवारपर्यंत तसाच राहू दिला.

दीपावलीला पाच दिवस असताना, शुक्रवारी सकाळच्या बसनं ते आले. हातात कापडी पिशवी. अम्मा नुकतीच न्हाऊन केसांना पंचा बांधून बाहेर आली होती. त्यांना पाहून ती थबकली आणि म्हणाली, "आज नको. सोमवारी या ना."

"सोमवारी तो बरा असतो, अम्मा," ते म्हणाले, आणि आधी दाराजवळचं मुख्य बटण बंद करून न्हाणीघरात गेले.

मी मागोमाग. ते वर न बघता गीझरच्या खाली उभे राहिले. खालच्या प्लास्टिकच्या झाकणावरून थेंब पडत होते. एक थेंब त्यांनी बोटावर घेतला, नाकाशी नेला.

"चिंच," ते म्हणाले.

मला काही कळेना. त्यांनी स्क्रू काढून झाकण उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. आतल्या बाजूला चुन्याचा पांढरा थर, त्यात कुंकवाचे लाल ओघळ, चिंचेची शीर; बाहेरच्या बाजूला चुन्याच्या रेघा, आणि तापमानाच्या खुंटीभोवती हळदीत भिजवलेला दोरा, त्याला हळकुंड. तारा जोडतात तिथे सगळं ओलं.

"याला आंघोळ कोण घालतं?"

दारात अप्पा उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांनीही अम्माकडे बघायला जरा वेळ घेतला.

"मी," अम्मा म्हणाली. "दर शुक्रवारी."

दीपावलीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बंब चिंचेनं घासून, चुन्याच्या पाच रेघा ओढून, कुंकू लावून, गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधून पाणी भरतात. अम्मा एवढ्यावर कधीच भागवत नसे; तिचा बंब दर शुक्रवारी असा सजायचा. बंब कोठीत गेला, शुक्रवार काही गेला नाही. ती उंचीनं लहान. तिचा हात पोचायचा तो गीझरच्या तळालाच, आणि याचं सगळं काळीज तळालाच असतं. आधी चिंच चोळायची, मग खालून तांब्यानं पाणी मारायचं, मग चुना. सोमवारपर्यंत ते वाळायचं. मग दुकानाचा माणूस यायचा.

"रेघा दिसल्या कशा नाहीत मला?" मी म्हटलं.

"तू वर कशाला बघशील? बटण दाबायचं, पाणी घ्यायचं, पळायचं. हे तरी कुठे वर बघतात?"

अप्पांनी तेव्हा खरंच वर बघितलं.

मला वाटलं, मेकॅनिक आता हसणार. दुकानाच्या माणसासारखा. ते हसले नाहीत. "मी पण आयुधपूजेला टेस्टरला कुंकू लावतो, अम्मा," ते म्हणाले. "पण न्हाऊ घालत नाही." मग ते दाराजवळच्या पेटीकडे गेले. झाकण उघडलं आणि बोटानं एक स्क्रू हलवून पाहिला.

"याचे स्क्रू कुणी सैल केले?"

"मी," मी म्हटलं. "तो उगाच पडतो म्हणून काढून टाकणार होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अम्माच्या हातांकडे बघितलं. ते अजून ओले होते.

"ओल्या हातांनी, ओल्या लादीवर उभ्या राहून तुझी आई याला चिंच चोळते, पाप्पा. हा उगाच नाही पडत."

सहा ओव्हर. माझ्या आईच्या आणि मरणाच्या मध्ये कुणाच्यातरी क्रिकेटच्या सहा ओव्हर आणि तिरुविडैमरुदूरची बस होती. मी स्टुलावर बसले. मग माझा नेहमीचा उपाय, संताप, मदतीला आला.

"अम्मा, तू काय करत होतीस हे! एका यंत्राला! पाणी तापवायचं भांडं आहे ते, देव नाही!"

"सगळं घर त्याच्याकडून ऊन पाणी घेतं," ती म्हणाली. "त्याला असंच ठेवायचं? कुणी बघायचं नाही, विचारायचं नाही?"

"मग मला सांगायचं तरी!"

"तुझं पत्रक मी वाचलं होतं," अम्मा म्हणाली. "चांगलं लिहिलं होतंस. बायकांना कुणी विचारत नाही म्हणून. मग मी वाट बघत बसले, आता विचारशील म्हणून."

मेकॅनिक पिशवीत काहीतरी शोधायला लागले. पिशवी लहान होती, तरी बराच वेळ शोधत होते.

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?" मी विचारलं. म्हणजे अखेर विचारलं.

तिनं केसांचा पंचा सोडला, पुन्हा बांधला. "धूर नकोच होता मला. छातीत दुखायचं. पण पहाटे तिथे बसलेली असले की कुणी हाक मारत नसे. बंब पेटवते आहे म्हटलं की कॉफी कुणी मागत नसे. तेवढा वेळ माझा. शुक्रवारी दार लावून हे करते तेव्हा तेवढाच मिळतो."

अप्पांनी घसा खाकरला. पण बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

गीझर दोन दिवस उघडा ठेवून वाळवला. रविवारी ते पुन्हा आले. एक तार गंजली होती ती बदलली, पहिले दोन महिने पाणी अडवून मग कुजलेलं रबरी वॉशर बदललं, खालचं झाकण घट्ट बसवलं, स्विचचे स्क्रू आवळले. जाताना त्यांनी अम्माला सांगितलं, "याला पाणी लावायचं नाही. कुंकूसुद्धा नाही." अम्मानं मान हलवली. मला ती मान ओळखीची होती. ती संमती नव्हती. या वेळी मी थांबून विचारलं.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"बंब आण."

"अम्मा!"

"पेटवायचा नाही गे. न्हाणीघरात ठेवायचा. गीझरचं पाणी बंबात घ्यायचं, बंबातून बादलीत. मला घासायला तांबं मिळालं, यांना तोटी मिळाली."

मी या योजनेत दोष शोधायचा मनापासून प्रयत्न केला. पाणी जरा निवतं, एवढाच सापडला. ज्या बंबाविरुद्ध मी तीन दिवस उपाशी राहिले, तो गोणपाटातून काढून, माझ्याच खांद्यावर तोलत, मीच न्हाणीघरात नेऊन ठेवला. गीझरच्या नळाला रबरी नळी जोडली, तीही मी.

त्याच संध्याकाळी आणखी एक पत्रक लिहिलं. दुकानाच्या नावासकट. गीझरमध्ये दोष नव्हता, बिघाड आमच्या घरात झाला, तपास न करता आरोप केले, माफी मागते. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. पुन्हा बस स्टँड, बाजार, कॉलेजचं फाटक. या वेळी कुणी दुसरी प्रत मागितली नाही. दुकानदारानं मात्र एक प्रत काउंटरमागे भिंतीला चिकटवली. तो हसणारा माणूस म्हणाला, "मॅडम, आता गीझर चालतोय ना?" मी 'हो' म्हटलं. ते एक अक्षर म्हणायला जेवढं लागलं तेवढं जेवण सोडायलाही लागलं नव्हतं. तरी तक्रार करणाऱ्या बाईला हसणं चूकच होतं, हे मी त्याला सांगितलं. ते मी मागे घेतलेलं नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे रस्त्यावर फटाके सुरू झाले होते. अम्मा पहिली उठली. न्हाणीघराचं दार लागलं. बंबाच्या गळ्यात आदल्या दिवशीच दोरा पडला होता, चुन्याच्या पाच रेघा ओढल्या होत्या, नळकांड्यात, जिथे जाळ असायचा तिथे, झेंडूची फुलं. ट्रिप स्विचच्या पेटीवरही कुंकवाचं एक बोट होतं. कोरडं. ते मला दिसलं.

मी दाराबाहेर उभी राहिले आणि कान दिला. पाणी बंबात पडत होतं, तांब्याचा आवाज आधी पोकळ, मग भरत गेलेला. बांगड्या. मग बराच वेळ काहीच नाही. मी खोकल्याची वाट बघत होते. आला नाही.

"अगं, कॉफी!" अप्पा आतून ओरडले. "एवढा वेळ आत काय करते ही?"

"बंब पेटवते आहे," मी म्हटलं.

त्यांनी कॉफी पुन्हा मागितली नाही.

कॉफी मी केली. फिल्टरमध्ये पाणी घाईनं ओतलं, काढा पातळ उतरला, दूधही उतू गेलं. न्हाऊन, नवं धोतर नेसून अप्पा आले, एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि बराच विचार करून म्हणाले, "पाणी मात्र छान तापलं होतं."